पिवळ्या गळ्याची चिमणी

[पाठाविषयी : डॉ. सलीम अली हे जगप्रसिद्ध भारतीय पक्षिशास्त्रज्ञ. लहानपणी एका चिमणीमुळे ते मुंबईच्या निसर्गसंग्रहाच्या दारात गेले आणि पुढे आयुष्यभर त्याच कामात रमले. या पाठात त्यांच्या जीवनाची ओळख करून दिली आहे. संग्रहालयात जपलेले पक्षी आणि त्यांच्या पायांना बांधलेल्या छोट्या चिठ्ठ्या यांचे महत्त्वही सांगितले आहे.]

तुम्ही जालना शहरात राहत असा, अंबडला राहत असा किंवा भोकरदनजवळच्या एखाद्या खेड्यात. पावसाळ्यात शेतातल्या विहिरीकडे गेलात की एक दृश्य तुम्हांला हमखास दिसते. विहिरीवर वाकलेल्या बाभळीच्या फांद्यांना गवताचे सुंदर खोपे लोंबत असतात. वारा आला की ते झुलतात, पण तुटत नाहीत. हे खोपे विणणाऱ्या पक्ष्याला उर्दूत आपण बया म्हणतो. मराठीत त्याला सुगरण म्हणतात.

सुगरण म्हणजे घरकामात कुशल असलेली बाई. या नावावरून कोणालाही वाटेल की खोपा मादी विणत असेल. पण झाडाखाली थोडा वेळ शांत उभे राहून पाहा. खोपा विणणारा पक्षी नर असतो, असे तुम्हांला दिसेल. त्यातही एक नर एकच खोपा विणून थांबत नाही. असे का? नुसते घरी बसून याचे उत्तर सापडत नाही. त्यासाठी कोणाला तरी झाडाजवळ दिवसच्या दिवस बसावे लागते, पाहिलेले वहीत लिहावे लागते. हे काम ज्यांनी केले त्या माणसाची गोष्ट आज आपण वाचणार आहोत. त्यांचे नाव सलीम अली.

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईच्या एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले. तीन वर्षांचे झाले तेव्हा आईही गेली. सगळ्या भावंडांना त्यांचे मामू अमिरुद्दीन तय्यबजी आणि मुमानी हमिदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवले. मामूंना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी या मुलांनाच आपली मुले मानले.

अमिरुद्दीन तय्यबजींना शिकारीची आवड होती. घरात शिकारीच्या गोष्टींची पुस्तके होती. सलीमलाही ती आवड लागली. त्याच्याजवळ छऱ्यांची एक छोटी बंदूक होती. तिने तो चिमण्या मारीत असे. त्या काळी याला मुलांचा खेळ समजत.

मात्र या मुलात एक वेगळी गोष्ट होती. तो जे पाही ते लिहून ठेवी. १९०६-०७ च्या सुमाराची त्याची एक नोंद प्रसिद्ध आहे. चिमण्यांची एक जोडी घरटे करून राहत होती. सलीमने घरट्याबाहेर बसणाऱ्या चिमण्याला टिपले. थोड्याच वेळात मादीजवळ दुसरा नर आला. सलीमने त्यालाही मारले. तरी आणखी एक नर आला. असे सात दिवसांत आठ नर मारल्याचे त्याने लिहून ठेवले. आज हे वाचताना आपल्याला वाईट वाटते, आणि ते योग्यच आहे. पण त्या मुलाने आपली करणी लपवली नाही, वाढवूनही सांगितली नाही. पाहिले तेवढेच लिहिले. म्हणूनच सुमारे साठ वर्षांनी ती नोंद पक्षिनिरीक्षकांसाठी छापली गेली, तेव्हाही ती उपयोगी ठरली.

एके दिवशी सलीमच्या बंदुकीने एक चिमणी पडली. तो तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता. चिमणी हातात घेतल्यावर त्याला दिसले, की तिच्या गळ्यावर पिवळा डाग आहे. घरात येणाऱ्या चिमणीच्या गळ्यावर असा डाग नसतो. मग ही चिमणी आहे की दुसरा कोणता पक्षी? असा पक्षी खावा की खाऊ नये? त्याने मामूंना विचारले. मामूंनाही उत्तर ठाऊक नव्हते. अशा वेळी पुष्कळ मोठी माणसे काहीतरी सांगून मुलाला गप्प करतात. अमिरुद्दीन तय्यबजींनी तसे केले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. त्यांनी संस्थेच्या चिटणिसांच्या नावे एक पत्र लिहून सलीमच्या हाती दिले आणि पक्ष्यासह त्याला तिकडे पाठवले.

ही संस्था कोणती, हेही पाहू. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि त्यांनी ही संस्था स्थापन केली. त्यांत सहा युरोपीय होते आणि दोन भारतीय डॉक्टर होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आपापल्या जवळचे प्राणी, पक्षी, फुलपाखरे, वनस्पती एकमेकांना दाखवाव्यात आणि त्यांविषयी चर्चा करावी, एवढाच त्यांचा सुरुवातीचा हेतू होता. पहिल्या सभा भायखळ्याच्या संग्रहालयात भरत. पुढे फिप्सन नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानातील जागा संस्थेला दिली. संग्रह वाढत गेला, तशी ती जागाही अपुरी पडली. मग अपोलो स्ट्रीटवर संस्थेचे कार्यालय झाले. तेथे विल्यम नावाचा एक पाळलेला धनेश पक्षी सव्वीस वर्षे राहिला. आजही धनेश हेच या संस्थेचे चिन्ह आहे.

सलीम या कार्यालयात आला तेव्हा मिलार्ड हे इंग्रज गृहस्थ मानद चिटणीस होते. राज्य इंग्रजांचे होते. एका हिंदी मुलाने इंग्रज साहेबासमोर जायचे म्हणजे छाती धडधडणारच. पण मिलार्ड प्रेमळ होते. त्यांनी चिमणी पाहिली आणि ती पीतकंठी चिमणी, म्हणजे पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे, असे सांगितले. एवढे सांगून त्यांनी मुलाला निरोप दिला नाही. त्यांनी एकेक कप्पा उघडून त्याला संस्थेचा संग्रह दाखवला. पेंढा भरलेले शेकडो पक्षी तेथे ओळीने ठेवले होते. मिलार्ड यांनी सलीमला पक्ष्यांवरची पुस्तके वाचायला दिली. पक्ष्यांचे नमुने कसे तयार करावेत आणि कसे टिकवावेत, हे शिकवण्याचीही तयारी दाखवली. सलीमच्या जीवनाची दिशा त्या दिवशी ठरली. पुढे १९८५ मध्ये त्यांनी आपले आत्मचरित्र इंग्रजीत लिहिले, तेव्हा त्याच्या नावातही त्या चिमणीला जागा दिली.

पक्ष्याचा नमुना म्हणजे काय, हे तुम्हांला कळले तरच पुढची गोष्ट नीट समजेल. मेलेल्या पक्ष्याच्या पोटावर एक चीर देतात आणि पिसांसह सगळी कातडी हलक्या हाताने सोडवतात. आतील मांस काढून टाकतात. कातडीला कीड लागू नये म्हणून आतून औषध लावतात. मग कापूस भरून ती शिवतात. हे काम नाजूक असते. एक पीस मोडले तरी नमुना खराब होतो. शेवटी पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक छोटी चिठ्ठी बांधतात. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेला मिळाला, नर की मादी, कोणी मिळवला, हे त्या चिठ्ठीवर लिहितात. डोळ्यांचा रंगही लिहितात, कारण तो रंग मागे उरत नाही. चिठ्ठी नसेल तर तो पक्षी केवळ शोभेची वस्तू होतो. चिठ्ठी असेल तर तोच पक्षी शंभर वर्षांनीही साक्ष देऊ शकतो. ही चिठ्ठी लक्षात ठेवा. आपण तिच्याकडे पुन्हा येणार आहोत.

शाळेत सलीम अली हुशार विद्यार्थी म्हणून प्रसिद्ध नव्हते. तेराव्या वर्षापासून त्यांचे डोके सारखे दुखू लागले. शाळा वरचेवर बुडू लागली. कोरड्या हवेने बरे वाटेल म्हणून त्यांना काही दिवस सिंधमध्ये पाठवले गेले. १९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले, तेही कसेबसे. कॉलेजचे पहिलेच वर्ष अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात तावॉय येथे गेले. तेथे कुटुंबाचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. पण सलीम अलींचे लक्ष हिशेबापेक्षा जंगलातील पक्ष्यांकडेच अधिक असे. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले.

मुंबईत त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकायला सुरुवात केली. सेंट झेवियर कॉलेजमधील फादर ब्लॅटर यांनी मात्र या तरुणाची खरी आवड ओळखली आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. मग सलीम अली सकाळी व्यापाराच्या वर्गाला जात आणि नंतर प्राणिशास्त्राच्या वर्गाला. डिसेंबर १९१८ मध्ये तहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढे प्राणिशास्त्राच्या सरकारी खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली. सलीम अलींनी अर्ज केला. पण त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, म्हणून ती जागा त्यांना मिळाली नाही. ज्ञान असून कागद नाही म्हणून मागे राहावे लागले, याचे दुःख काय असते ते अनेकांना माहीत आहे. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. पगार दरमहा ३५० रुपये होता. या संग्रहालयाला १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असे नाव आहे. तेथे निसर्ग विभाग नुकताच सुरू झाला होता. आपल्या सोसायटीने जमवलेले प्राणी आणि पक्षी त्यात मांडले होते. शाळेच्या मुलांना ते दाखवायचे आणि त्यांची माहिती सांगायची, हे सलीम अलींचे काम होते. एकेकाळी मिलार्ड यांनी त्यांच्यासाठी जे केले, तेच आता ते दुसऱ्या मुलांसाठी करीत होते.

दोन वर्षांनी त्यांना वाटू लागले, की आपले ज्ञान अजून अपुरे आहे. ते रजा घेऊन जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे जेथे प्राण्यांचे नमुने अभ्यासासाठी ठेवतात त्या संस्थेत, श्ट्रेसमान हे मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते. सलीम अलींनी त्यांना गुरू मानले. ब्रह्मदेशातून आलेले पक्ष्यांचे नमुने अभ्यासायचे, मोजायचे, एकमेकांशी ताडून पाहायचे, हे शास्त्रीय शिक्षण त्यांनी तेथे घेतले. पक्ष्यांच्या पायात कडी कशी घालतात, हेही ते जर्मनीतच शिकले.

१९३० मध्ये ते परत आले, तेव्हा नोकरी राहिली नव्हती. पैसा नाही म्हणून ती जागाच रद्द झाली होती. वय चौतिशीकडे झुकलेले, हाती पदवी नाही, पगार नाही. दुसरा कोणी असता तर पक्ष्यांचा नाद सोडून दुकानात बसला असता. सलीम अली आणि तहमिना बेगम अलिबागजवळच्या किहीम या खेड्यातील कुटुंबाच्या घरी राहायला गेले. पावसाळा आला. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अलींना बसल्या जागी शाळा मिळाली!

ते रोज तासन् तास खोप्यांकडे पाहत बसत आणि प्रत्येक हालचाल लिहून ठेवत. नर आधी अर्धाच खोपा विणतो. मग माद्या येतात. त्या खोपा आतून-बाहेरून तपासतात. जिला खोपा पसंत पडतो ती तेथे राहते. मग नर तो खोपा पूर्ण करतो आणि लगेच दुसरा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. एका नराचे असे एकामागून एक अनेक संसार असतात. विहिरीवर दिसणाऱ्या अर्धवट खोप्यांचे कोडे आता तुम्हांलाही उलगडले असेल. सुगरणीवर बहिणाबाई चौधरी यांनी कविता केली आहे. कवयित्रीने त्या खोप्यात आईची माया पाहिली. शास्त्रज्ञाने त्याच खोप्याकडे वही घेऊन पाहिले. दोघांनीही जवळून पाहिले, हे महत्त्वाचे.

त्या काळी संस्थानांतील पक्ष्यांची नीट पाहणी झालेली नव्हती. सलीम अलींनी सोसायटीपुढे एक योजना मांडली. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, मेहनताना नको, असे त्यांनी सुचवले. पहिली पाहणी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानात झाली. हे वाचून तुम्हांला आनंद होईल, कारण आपले जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होते. नंतर त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांच्या पाहण्या झाल्या. बैलगाडीने प्रवास, तंबूत मुक्काम, पहाटे रानात भटकंती, दुपारी नमुने तयार करणे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी लिहिणे, असा दिनक्रम असे. तहमिना बेगम या सगळ्यांत बरोबरीने सहभागी होत. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा आघात फार मोठा होता. सलीम अली त्यानंतर आपल्या बहिणीच्या घरी राहू लागले. त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतले.

याच काळातील एक घटना सांगतो. व्हिसलर हे इंग्रज पक्षितज्ज्ञ होते. त्यांच्या लेखनातील एक चूक सलीम अलींनी दाखवून दिली. कोण हा अनोळखी हिंदी तरुण, असे वाटून व्हिसलर आधी रागावले. पण त्यांनी आपले नमुने पुन्हा काढून तपासले, तेव्हा सलीम अलींचे बरोबर निघाले. व्हिसलर यांनी चूक मान्य केली आणि दोघे पक्के मित्र झाले. पाहणीतील पक्ष्यांवर व्हिसलर यांनीच पुढे टिपणे लिहिली. साहेब कोण आणि हिंदी कोण, हे कप्प्यातल्या पक्ष्याला ठाऊक नसते. तो सर्वांना एकच उत्तर देतो.

आता त्या चिठ्ठीकडे येऊ. दोन चिठ्ठ्यांची गोष्ट ऐका.

पहिली गोष्ट एका वटवाघळाची. १९४८ साली दक्षिणेतील डोंगरात चहाच्या मळ्यावर काम करणाऱ्या हटन नावाच्या निसर्गप्रेमीने एक वटवाघूळ मिळवले. ते सोसायटीच्या संग्रहात आले. कोणीतरी ते नेहमीचे, फळे खाणारे वटवाघूळ समजले आणि तेच नाव लिहिले. चोवीस वर्षे ते तसेच पडून राहिले. १९७२ मध्ये थायलंडचे शास्त्रज्ञ किट्टी थाँगलाँग्या यांनी ते नीट तपासले. तेव्हा लक्षात आले, की ही जात विज्ञानाला माहीतच नव्हती! त्यांनी तिला सलीम अलींचे नाव दिले. पाहा, नाव लिहिताना चूक झाली होती. पण जागा आणि तारीख खरी होती. म्हणून चूक सुधारता आली.

दुसरी गोष्ट रानपिंगळ्याची. रानपिंगळा म्हणजे लहान आकाराचे एक घुबड. १८८४ नंतर ते कोणाला खात्रीने दिसले नव्हते. जगातील संग्रहालयांत त्याचे मोजकेच नमुने होते. त्यांपैकी एकाच्या चिठ्ठीवर लिहिले होते, की हा पक्षी कर्नल माइनरत्झहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातमध्ये मिळवला. हे गृहस्थ नामांकित होते. १९३७ मध्ये सलीम अली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवरही गेले होते. अशा माणसाच्या शब्दावर कोण शंका घेईल? पण ती चिठ्ठी खोटी होती. त्यांनी संग्रहालयातून दुसऱ्यांचे पक्षी चोरून त्यांना आपल्या नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. खोट्या चिठ्ठीमुळे शोध घेणारे चुकीच्या ठिकाणी फिरत राहिले. सलीम अलींच्या मृत्यूनंतर ही लबाडी उघड झाली. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने जुने नमुने बारकाईने तपासले. तो पक्षी खरे तर डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवलेला होता. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून, खऱ्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवून त्या आपल्या दोन सहकाऱ्यांसह आपल्या महाराष्ट्रात आल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनंतर!

विद्यार्थी मित्रांनो, प्रामाणिक माणसाची चूक दुसरा माणूस दुरुस्त करतो. पण खोट्या नोंदीमुळे अनेकांची अनेक वर्षे फुकट जातात. नोंद ही एक अमानत असते. ती आपण अशा माणसांसाठी ठेवतो, ज्यांना आपण कधी भेटणार नाही.

सलीम अलींनी ही अमानत सांभाळली. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. त्यामुळे सामान्य माणूसही पक्षी ओळखू लागला. १९६८ ते १९७४ या काळात अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवर दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. तेव्हा त्यांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे होते. ज्यांना एकेकाळी पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली गेली, त्यांना पुढे विद्यापीठांनी सन्मानाने डॉक्टर ही पदवी दिली.

स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशांच्या अडचणीत सापडली. संग्रह कोण सांभाळणार, असा प्रश्न पडला. सलीम अलींनी पंतप्रधान पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली. आज संस्थेचे हॉर्नबिल हाउस त्याच वस्तुसंग्रहालयाला लागून उभे आहे. तेथे पक्ष्यांचेच पंचवीस हजारांहून अधिक नमुने आहेत. सलीम अलींचे नातलग हुमायूँ अब्दुलअली यांनी एकेक नमुना तपासून त्यांची यादी तयार केली. अशी कामे शांतपणे होतात. त्यांचा गाजावाजा होत नाही.

१९५७ मध्ये आताच्या कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात एक नवा ताप पसरला. त्याचे विषाणू सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांबरोबर येतात की काय, अशी शंका आली. त्या निमित्ताने, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, १९५९ पासून सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली. पक्ष्याला इजा न करता पकडणे सोपे नसते. ही कला बिहारमधील मीरशिकार लोकांजवळ होती. पिढ्यान् पिढ्या ते पक्षी पकडून पोट भरीत. त्यांच्यापैकी अली हुसेन यांच्यासारखे कुशल लोक आता संशोधकांसाठी पक्षी पकडू लागले आणि कडी घालून पुन्हा सोडू लागले. शाळेत फारसे न गेलेल्या या माणसांचे ज्ञान विज्ञानाच्या कामी आले. पायातली कडी म्हणजे जिवंत पक्ष्याची चिठ्ठीच. ज्या पायाला एकेकाळी मेल्यावर चिठ्ठी बांधत, त्याच पायात आता जिवंतपणी कडी घालून पक्ष्याला आकाशात सोडू लागले.

सलीम अलींना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९७६ मध्येच मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्याची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी दिली. भरतपूरचे पक्ष्यांचे आश्रयस्थान आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचावे म्हणून त्यांनी आपले वजन खर्च केले. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे सभासद झाले. १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्याजवळ गलोल असेल तर ती ठेवून द्या. आज पक्षी ओळखण्यासाठी त्याला मारण्याची गरज नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानपक्षी मारणे हा गुन्हाही आहे. एक साधी वही घ्या. हिवाळ्यात घाणेवाडीच्या तलावावर जा, किंवा वडिलांबरोबर पैठणला गेलात तर नाथसागराच्या काठी थोडे थांबा. दूरच्या थंड देशांतून आलेली बदके पाण्यावर तरंगताना दिसतील. गावातल्या विहिरीवरील खोपे मोजा. तारीख लिहा, जागा लिहा, संख्या लिहा. पाच दिसले तर पाचच लिहा. पक्ष्याचे नाव माहीत नसेल तर ओळखता आला नाही असे लिहा. त्यात कमीपणा नाही. अमिरुद्दीन तय्यबजींनाही त्या चिमणीचे नाव माहीत नव्हते. त्यांनी तसे मान्य केले आणि मुलाला योग्य दारापर्यंत पोहोचवले. तुमची वही मराठीत असो की उर्दूत, पक्ष्यांना त्याने फरक पडत नाही. उद्या कोणी जालना जिल्ह्यात सुगरणीचे खोपे पूर्वी किती होते, असे विचारील, तेव्हा कदाचित तुमचीच वही उत्तर देईल.

शब्दार्थ

संग्रहालय – अजायबघर
निरीक्षण – मुशाहिदा, लक्षपूर्वक पाहणे
संशोधन – तहकीक
पीतकंठी – पिवळ्या गळ्याची
मानद – बिनपगारी, एजाजी
कोडे – पहेली
आघात – सदमा
मेहनताना – कामाचा मोबदला, उजरत

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सलीम अलींना लहानपणी कोणी वाढवले?
(आ) सोसायटीच्या संस्थापकांतील दोन भारतीय डॉक्टर कोण?
(इ) सुगरण पक्ष्यांचा अभ्यास सलीम अलींनी कोठे केला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर काय काय लिहितात?
(आ) वटवाघळाची चिठ्ठी आणि रानपिंगळ्याची चिठ्ठी यांत कोणता फरक होता?
(इ) मीरशिकार लोकांचे ज्ञान संशोधनाच्या कामी कसे आले?

३. कारणे लिहा.
(अ) सलीम अलींना सरकारी खात्यातील जागा मिळाली नाही.
(आ) व्हिसलर यांनी आपली चूक मान्य केली.

४. आठ दिवस रोज सकाळी दहा मिनिटे आपल्या घराजवळील पक्षी पाहा. तारीख, जागा आणि संख्या वहीत लिहा व वर्गात वाचून दाखवा.